क्रूझ निवडताना आधी नकाशा पाहा

निसर्ग पाहायला क्रूझवर जायचं ठरलं की आपण फोटो आणि भाडं पाहतो. माझ्या मते साठी ओलांडलेल्यांनी, विशेषतः हृदयविकार असलेल्यांनी, आधी जहाजाचा मार्ग पाहावा.

अंटार्क्टिका अप्रतिम आहे. पण तिथे जाताना सुमारे ८०० किलोमीटर रुंद, खवळलेला ड्रेक पॅसेज ओलांडायला जवळजवळ दोन दिवस लागतात. जहाजावर डॉक्टर असतात, पण अँजिओप्लास्टीची सोय नसते आणि मोठं रुग्णालय फार दूर राहतं. याउलट नॉर्वेचे फियोर्ड पाहा. उंच कडे, धबधबे आणि कड्यांच्या आडोशामुळे बरंच शांत पाणी. शिवाय वाटेत बर्गनसारखं, मोठं रुग्णालय असलेलं शहर लागतं. डोळ्यांचं पारणं इथेही फिटतं, जोखीम मात्र कमी.

बोट लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वीच घ्या. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. रोजची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च विम्यात धरलेला आहे ना, तेही तपासा. मग खुशाल निघा!