दग्धभूमीचे मंडन आणि तिची मर्यादा

शत्रूच्या वाटेवरचा आपलाच मुलूख बेचिराख करणारा राज्यकर्ता हा रयतेचा वैरीच होय, असे मानणारा एक पक्ष आहे. ज्यांच्या रक्षणासाठी फौज पोसायची त्यांचीच घरे जाळणे हा राजधर्माचा लोप आहे, असे त्याचे म्हणणे. आक्षेप सात्त्विक खरा, परंतु 1779 च्या वडगावच्या प्रसंगापुढे तो टिकत नाही. पेशवेपदाचे दावेदार राघोबादादांना पुण्यात सत्तेवर बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रजांची सुमारे 4,000 ची फौज, हजारो बैलांचे लटांबर ओढीत, 9 जानेवारीला तळेगावी पोहोचली, तेव्हा मराठ्यांनी गाव आधीच जाळून टाकले होते. आणि पुढे चिंचवडच नव्हे, तर वेळ पडल्यास खुद्द पुणेही जाळण्याची पेशव्यांच्या दरबाराची तयारी होती. तेव्हा रयतेला आगीत लोटून हुजुरांनी आपले वाडे राखले, हा आरोप येथे लागू पडत नाही. 11 तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून फौज माघारी फिरली आणि वडगावी मराठी स्वारांनी कोंडल्यावर तहास कबूल झाली.

मात्र, विजय आगीनेच मिळतो असे मानणारा दुसरा पक्षही तितकाच भ्रांत आहे. घाटाकडची वाट रोखणारे स्वार नसते, तर तळेगावची राख ही राखच राहिली असती. शिवाय काय जाळावे, यालाही सीमा आहे. ज्वारीचे शेत पुढल्या हंगामात उभे राहते, तगाई मिळाल्यास घरही उभे राहते. पण सालेकसा तालुक्यातला कचारगड घ्या. पारी कुपार लिंगोने कोंडलेल्या मुलांना जेथून मुक्त केले अशी गोंडांची श्रद्धा, आणि माघी पौर्णिमेला जेथे दूरदूरचे गोंड जमतात, त्या गुहांभोवतीचे रान जाळून रक्षण कोणाचे करावयाचे? तेथला मोह फुलावर यायला कित्येक वर्षे लागतात, आणि जळालेले देवस्थान तगाईने परत येत नाही. किल्ल्याभोवतीची झुडपे तोडावीत, नेता न येणारे पीक जाळावे, असे सांगणारे शांतिपर्वातले भीष्मही चैत्यवृक्षाचे पानसुद्धा पाडू नये, असे बजावतात.

सारांश, जाळण्याचा हुकूम काढणाऱ्याने स्वतःचा वाडा त्यातून वगळू नये, रयतेच्या भरपाईची तजवीज त्याच हुकुमात करावी, आणि जे पुन्हा उभे राहणार नाही त्याला हात लावू नये. या अटी पाळून केलेली दग्धभूमी हे संरक्षण; मोडून केलेली, ती निव्वळ जाळपोळ.