तपासणी सणापुरती नको

दिवाळी-होळी जवळ आली की ग्वाल्हेरच्या बाजारात अन्न निरीक्षकांची धावपळ सुरू होते. मिठाई व माव्याचे नमुने घेतले जातात. सण सरला की सारे थंड. आमच्या मते ही तपासणी बारमाही हवी. ती खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी आहेच, पण दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्याही हिताची आहे.

जुलै २०१९ मध्ये शेजारच्या मुरैना व भिंड जिल्ह्यांत अंबाह आणि लहार येथे बनावट दुधाच्या धंद्यावर छापे पडले. तेथे शाम्पू, रिफाइंड तेल व ग्लुकोज पावडर सापडली. असला स्वस्त माल बाजारात आला की खऱ्या दुधाचा भाव पडतो आणि प्रामाणिक माणसाच्या चरवीकडेही लोक संशयाने पाहतात.

म्हणून निरीक्षक आला की तोंड चुकवू नये. २००६ च्या कायद्याप्रमाणे नमुन्याचे चार भाग होतात. विक्रेत्याने मागणी केल्यास त्यांतील एक मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो मान्य नसल्यास ३० दिवसांत अपील करता येते. गिऱ्हाईकही फी भरून जिन्नस तपासून घेऊ शकते. दोष निघाल्यास फी परत मिळते.

घरी उकळून गार केलेल्या दुधात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आल्यास त्यात पिठूळ पदार्थ आहे असे समजावे. शाम्पू मात्र असा कळत नाही. त्याच्या खात्रीसाठी प्रयोगशाळा हवी.

बारमाही तपासणीची मागणी आपणच करू या. आणि तोवर आपल्या चरवीत पाण्याचा थेंबही नसावा.