ऋषभ पंतला काढावे की ठेवावे?

२०२५ च्या आयपीएल मोसमात वसतिगृहातील आम्हा सहा जणांच्या कागदी संघांमध्ये सर्वांत मोठा वाद माजला तो ऋषभ पंतवरून. खेळ साधा. प्रत्येकाने १२० कागदी कोटींत आपला संघ बांधायचा, भाव खऱ्या लिलावातलेच. एका धावेला एक गुण, एका बळीला पंचवीस, आणि आठवड्यातून फक्त एक बदल. आपण काढलेला खेळाडू दुसऱ्या कोणालाही उचलता येतो. हरणाऱ्याने सर्वांना मिसळ द्यायची, याहून अधिक देवाणघेवाण नाही. पैसे लावून असले खेळ चालवायला संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने मनाई केली, त्याची मला तरी हळहळ नाही.

पंत माझ्या संघात होता. नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दा येथील लिलावात लखनौने त्याला २७ कोटींना घेतले, म्हणजे माझ्याही तिजोरीतला जवळजवळ चौथा हिस्सा त्याच्यावर गेला. २२ एप्रिलपर्यंत लखनौचे नऊ सामने झाले आणि पंतच्या धावा झाल्या १०६. त्यांतल्या ६३ एकाच डावातल्या. मी त्याला काढले. दुसऱ्याने उचलले. पुढे २७ मे रोजी अखेरच्या साखळी सामन्यात पंतने बंगळुरूविरुद्ध नाबाद ११८ केल्या आणि मिसळ माझ्या खिशातून गेली. लखनौही तो सामना हरले, पण वसतिगृहात तेवढे कोण ऐकून घेतो!

तरीही माझे म्हणणे असे की, निर्णय बरोबर होता. मोसमात त्याच्या एकूण २६९ धावा झाल्या. ६३ आणि ११८ बाजूला ठेवल्या तर उरलेल्या अकरा डावांत ८८. मित्र म्हणतात, शतक झाले म्हणजे तू चुकलास. या न्यायाने लॉटरी लागलेला मनुष्य अर्थशास्त्राचा प्राध्यापक व्हायला हवा (आमच्या सरांनी क्षमा करावी). आणि २७ कोटी? ते खर्चून झाले होते. पेरलेले बी उगवले नाही म्हणून त्याच रानावर पावसाळा संपेपर्यंत बसून राहणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. तो दुबार पेरणी करतो.

पण मी त्याला धावांवरून काढले नाही, आणि इथेच माझे मित्रांशी पटत नाही. कोलकात्याविरुद्ध लखनौने तीन बाद २३८ केल्या, त्यात कर्णधार पंत फलंदाजीला आलाच नाही. २२ एप्रिलला दिल्लीविरुद्ध तो सातव्या क्रमांकावर आला, डावाचे दोन चेंडू उरले असताना, आणि शून्यावर गेला. जो स्वतःच मागे मागे सरकतो आहे त्याच्यावर मी माझे गुण का लावावेत? याउलट रोहित शर्मा पहा. त्याच मोसमात त्याचे पहिले सहा डाव ०, ८, १३, १७, १८, २६. पण तो दर वेळी सलामीलाच येत होता. चेंडू त्याच्या वाट्याला ठरलेलेच होते. त्याला मी हात लावला नाही. पुढच्या दोन डावांत नाबाद ७६ आणि ७०.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलवर असाच कागदी खेळ १९६२ पासून चालतो. तिथे चेंडू घेऊन धावणारा गडी मंदावला की जाणकार आधी हेच बघतात, की चेंडू त्याच्या हाती अजून किती वेळा दिला जातो. किती यार्ड पळाला, हे नंतर.

खऱ्या निवड समितीचे काम अधिक कठीण. करुण नायरने डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला नाबाद ३०३ केल्या आणि पुढच्याच कसोटीत अजिंक्य रहाणे परतला म्हणून तो बाहेर. नंतर तीन कसोट्या, मग थेट जून २०२५. वहीत नाव खोडताना आपला हात थरथरत नाही. तिथे मधली आठ वर्षे कोणाची तरी गेली.

आणि घराघरांतल्या निवड समित्या? माझी ताई बारावीला इंग्रजीत राहिली. एका विषयात. त्याच महिन्यात तिचे नाव काढले. पहाटेचे पाणी, भाकऱ्या, आजीचे औषध, हे उरकून तिला पुस्तक किती वेळ मिळत होते, हे कोणी विचारले नाही. गुणपत्रिका पाहिली गेली, ती कितव्या क्रमांकावर खेळायला आली ते पाहिले गेले नाही. तिच्यानंतर मीही अकरावीत गणितात आपटलो होतो. मला मात्र खोली वेगळी मिळाली, शिकवणी मिळाली, आणि आज मी या अंकात लिहितो आहे. मी तिच्याहून हुशार नव्हे. घरात ते सर्वांना ठाऊक आहे.

बाह्य परीक्षार्थी म्हणून बारावीचा फॉर्म भरता येतो, तो मी दिवाळीच्या सुट्टीत घरी नेला होता. आईने तो देवघरातल्या फळीवर ठेवला आहे. वडील अजून काही बोललेले नाहीत.