बेताचे व्रत

पर्यावरणप्रेमाचे एकादशीसारखेच आहे. कोणी निर्जळी करतो, कोणी साबुदाण्याच्या खिचडीची दोन ताटे रिचवूनही पुण्य पदरात पाडून घेतो. आमचे घर दुसऱ्या पंथातले. मी बाजारात कापडी पिशवी नेतो, पण मोटारीतून! चिरंजीवांनी फटाके सोडले. गिझर मात्र सोडवत नाही.

गेल्या दिवाळीत कोयनानगरला मेहुण्यांकडे गेलो होतो. धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणाकडे उतरते आणि कोळशाचा कणही न जाळता वीज देते; सगळी वीजगृहे मिळून क्षमता १९६० मेगावॅट! माझे व्याख्यान रंगात आले होते. (सवय, दुसरे काय!) शेजारचे आजोबा निमूट ऐकत होते. शिवसागराने त्यांचे गाव गिळले, तेव्हा ते सात वर्षांचे होते.

"गाव धरणाला दिलं," ते म्हणाले. "पुढं पंच्याऐंशी साली अभयारण्य झालं, त्यात चुलत्याचं रान गेलं. तुम्ही काय सोडलं, मास्तर?"

त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. खरोखरच विचारीत होते. "फटाके" हा शब्द माझ्या ओठांवर येऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नानाला उठलो. गिझरच्या बटणापाशी हात थबकला. बाहेर थंडी मी म्हणत होती. मी बटण दाबले.