मुंबईच्या मुक्कामात ब्लूजचा शोध

मेढ्याहून मुंबईची एस.टी. धरणाऱ्याजवळ बहुधा कामांची यादी असते : दवाखाना, बाजारपेठ, लेकीचे घर. त्या यादीत एखाद्या तरुणाने ‘ब्लूजची मैफल’ असे लिहिले, तर वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : जेथे ते वाजवतात, तेथे दारू असते ना? प्रश्न रास्त आहे. मुंबईत हे संगीत प्रत्यक्ष ऐकण्याच्या पुष्कळ जागा मद्यगृहांना जोडलेल्या आहेत. मैफलीला रात्री उशिरा रंग चढतो, आणि चौविहार पाळणाऱ्या पाहुण्याला तेथे पाण्याचा पेलाही नको असतो.

तरीही हे संगीत केवळ मद्यगृहाचे मानणे अन्यायाचे होईल. ते जन्मले अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाच्या शेतांवर. 1865 मध्ये गुलामगिरी संपली, पण कृष्णवर्णीय मजुरांच्या पाठीवरचे ओझे उतरले नाही. पुढे विसाव्या शतकात लाखो मजूर आगगाडीने उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत गेले. मिसिसिपीचा मडी वॉटर्स 1943 मध्ये शिकागोस पोहोचला, लुइझियानाचा बडी गाय 1957 मध्ये. शहरातल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून तिला विजेची जोड मिळाली.

जावळीच्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. या तालुक्यातील कित्येक घरांतील कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत राबले, बाजारपेठांत माथाडी झाले, एकेका खोलीत दाटीवाटीने राहिले. गावी मागे राहिलेल्या बायकांनी त्यांची वाट पाहत जात्यावर ओव्या म्हटल्या. ओवी आणि ब्लूज यांची घडण निराळी आहे, उगाच नाते जोडू नये. पण दोहोंत कष्टणारा माणूस स्वतःचे दुःख स्वतःच्याच शब्दांत सांगतो, एवढे खरे.

ब्लूजची घडण तर फार साधी. रूढ आवर्तन बारा मापांचे, प्रत्येक मापात चार मात्रा, एकूण 48. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. ओळीनंतर उरलेली जागा गिटार भरून काढते. काही स्वर नेमक्या जागेवर न ठेवता किंचित खाली ओढलेले असतात. मींड ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ते परके वाटत नाहीत.

मुंबईत या संगीताला एक लक्षणीय पत्ता मिळाला होता. 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीतगृह सुरू झाले. गिरणगावाच्या आवारात मजुरांच्या वंशजांचे संगीत वाजू लागले; मात्र ते ऐकायला येणाऱ्यांत गिरणी कामगारांची मुले किती असतील, हा प्रश्न टोचणारा आहे. 2016 मध्ये तेही बंद झाले. अशा जागा उघडतात आणि मिटतात, म्हणून जुन्या माहितीवर विसंबून रात्री टॅक्सी करू नये. त्याच आठवड्याचा कार्यक्रम पाहावा.

पाहुण्याने आधी विचारायची गोष्ट म्हणजे प्रवेशशुल्काचा प्रकार. अनेक क्लबांत ‘कव्हर चार्ज’ असतो; ती रक्कम खाण्यापिण्यात वळती होते. काहीच न घेणाऱ्याचे पैसे त्यात बुडाल्यासारखेच. केवळ संगीताचे तिकीट असेल तर हिशेब सरळ राहतो. कित्येक क्लबांत 21 वर्षांखालील मुलांना प्रवेशही नसतो. कुटुंबासह जाणाऱ्याने हे दारात नव्हे, घरीच विचारून घ्यावे.

कुटुंबासाठी महोत्सव किंवा नाट्यगृह अधिक सोयीचे. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 च्या फेब्रुवारीत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी खुद्द बडी गाय तेथे वाजवून गेला. शिलाँगचे ‘सोलमेट’ हे पथकही त्या मंचावर होते. 2003 पासून ब्लूज गाणाऱ्या या पथकाने भारतीय श्रोत्यांचा न्यूनगंड बराच घालवला. तेथे श्रोते बहुधा उभ्यानेच ऐकतात, हे गुडघे दुखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये मात्र खुर्चीत बसून ऐकता येते. जॅझचे कार्यक्रम तेथे होतात आणि ब्लूजचे सूर त्यांत हमखास भेटतात.

घरातून तो पहिला प्रश्न विचारणाऱ्या आजोबांचेही एक तिकीट काढावे. गिरणीचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना बारा मापांची ही तक्रार नातवापेक्षा लवकर कळण्याचा संभव आहे. जेवण दिवस मावळण्यापूर्वी आटोपून निघावे. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपक रात्री 10 वाजता बंद करावे लागतात, त्यामुळे परतीची लोकल सहज मिळते. क्लबातली मैफल लांबते. तेव्हा नातेवाइकांकडे दार उघडायला कोण जागे राहणार, एवढे आधीच ठरवून ठेवावे.