ऑनलाईन शिक्षण : शिदोरी सांडली, ओझे उरले

१६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. दुपारी एक वाजता तो संकेतस्थळावर दिसणार होता. पण संकेतस्थळच कोलमडले आणि पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी व त्यांचे पालक काही तास ताटकळत बसले. वर्षभर ज्यांना 'पडद्यावर शिका' असे सांगितले, त्यांना निकालही पडद्याने वेळेवर दाखवला नाही, असा विनोद त्या दिवशी पुष्कळांनी केला. त्याहून गंभीर गोष्ट निकालाच्या आकड्याआड होती. त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा झालीच नव्हती. शंभरपैकी पन्नास गुण नववीच्या निकालावरून दिले गेले आणि या मुलांच्या नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षादेखील एप्रिल २०२० मध्ये रद्द झालेली होती. दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात मंडळापुढे फारसा पर्याय नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्या टक्केवारीने एक घात केला. माध्यमिक शाळेतील मुले त्या काळात नेमके काय शिकली आणि शिक्षकांनी ते कसे शिकवले, हा प्रश्न विचारण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली.

ऑनलाईन शिक्षणाविषयी आज बोलणारे बहुधा दोनच गोष्टी सांगतात. एक तर 'क्रांती झाली', नाही तर 'वर्षे वाया गेली'. त्या दिवसांत आठवी-नववी-दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकाचे घर ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना ही दोन्ही मते घाईची वाटतील.

पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसाला मार्च २०२० मध्ये एका रात्रीत सांगण्यात आले की, आता फळाही नाही आणि समोर वर्गही नाही. प्रशिक्षण नंतर आले. आधी आली ती धांदल. बहुतेकांनी 'झूम' उतरवून घेतले, तोच १६ एप्रिलला केंद्रीय गृहमंत्रालयाने ते सुरक्षित नसल्याची सूचना काढली. फुकटच्या झूमचा वर्ग चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडे, त्यामुळे प्रमेयाची सिद्धता नेमकी 'म्हणून' या शब्दावर तुटे. वह्यांची छायाचित्रे एकत्र करून तपासायला मुलांना 'कॅमस्कॅनर' शिकवावे, तर २९ जूनला ते ५९ चिनी ॲपांच्या बंदीत गेले. (ती बंदी योग्यच होती, पण आपल्या देशातील शाळा तोवर किती परक्या साधनांवर उभ्या होत्या, हेही त्या निमित्ताने कळले.) तरीही शिक्षक थांबले नाहीत. कपड्यांच्या हँगरला मोबाईल बांधून खालच्या वहीवर समीकरणे सोडवून दाखविणारे होते. स्वयंपाकघरातील हळद, लिंबू आणि खाण्याचा सोडा घेऊन आम्ल-आम्लारी शिकविणारे होते. यातील अनेकांना दिवसा साथीच्या सर्वेक्षणाची आणि तपासणी नाक्यांवरची कामे होती. वह्या तपासणे रात्री, मोबाईलच्या वीतभर पडद्यावर, अक्षर मोठे करून करून. चाळिशीचा चष्मा असलेल्या शिक्षकांनी हे वर्षभर केले, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

मुलांनीही जुळवून घेतले; काही चांगल्या अर्थाने, काही वाईट. हजेरीपुरते आत शिरून पुन्हा पांघरुणात शिरण्याची कला महिनाभरात सार्वत्रिक झाली. शिक्षकासमोर उरल्या त्या नावे लिहिलेल्या काळ्या चौकटी. बाहेरच्याला वाटते शिक्षक बोलतो आणि मुले ऐकतात. वास्तविक शिक्षक सारा वेळ चेहरे वाचत असतो. तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कपाळावर आठी पडली की, तो न सांगता मागच्या पायरीवर येतो. हे वाचनच बंद झाले, तेव्हा शिकवणे म्हणजे अंधारात टाकलेले दगड झाले.

त्यात मोबाईलचा प्रश्न. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे, अशांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर. कोणी बैल विकून, कोणी कर्ज काढून घेतलेले हे यंत्र. पण २०२१ च्याच पाहणीत असे दिसले की, फोन असलेल्या घरांतीलही चौथ्या हिश्शाहून अधिक मुलांच्या हाती तो येतच नव्हता. त्यात नवल नाही. फोन वडिलांबरोबर कामावर जातो, तो रात्री आठला परततो. दोन भावंडे असतील तर दहावीच्याला आधी, आणि मुलगा-मुलगी असतील तर पुष्कळ घरांत मुलाला आधी.

इथेच माध्यमिक शिक्षकांनी स्वतःच्या अक्कलहुशारीने एक शोध लावला. त्याचे मोल आपण अजून ओळखलेले नाही. थेट तासिका ही ज्याच्याकडे फोन, जोडणी आणि स्वतंत्र खोली आहे त्याच्याच उपयोगाची, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी आठ-दहा मिनिटांचे छोटे पाठ ध्वनिचित्रमुद्रित करून व्हॉट्सॲपवर टाकायला सुरुवात केली. असा पाठ मुलाची वाट पाहतो. वडील आठला आले, तर साडेआठला ऐकता येतो. कळला नाही, तर तिसऱ्यांदा ऐकता येतो. आणि तिसऱ्यांदा विचारले म्हणून वर्गात कोणी हसत नाही. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुले रात्री दहाला शंका लिहून पाठवू लागली. हा अनुभव सांगणाऱ्या शिक्षकांच्या स्वरात आश्चर्य असे, थोडी खंतही असे.

त्या दिवसांतील व्याख्यानांत एकलव्याचा दाखला फार दिला गेला. गुरू समोर नसतानाही तो शिकला, हे खरे. पण एकलव्य लाखांत एक असतो. शाळा उरलेल्यांसाठी असते. आणि एकलव्याच्या हाती धनुष्य तरी होते. आपल्या मुलांच्या हातून त्या काळात लेखणीच सुटली. भूमिती कंपासने करायची असते, निबंध पानावर लिहायचा असतो, तीन तास मांडी ठोकून बसायची सवय अंगात मुरावी लागते. यातले पडद्यावर काहीही येत नाही.

२३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी सुरू झाले, पुन्हा थांबले. मुंबईतील माध्यमिक शाळांचे दरवाजे तर ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडले. जुलै २०२१ मध्ये राज्याने ४५ दिवसांचा 'सेतू' अभ्यासक्रम काढला. कल्पना उत्तम. परंतु मागील इयत्तेत राहिलेले भरून काढण्यासाठीचा हा सेतूही बहुतेक मुलांनी घरूनच ओलांडायचा होता! २०२१ मध्ये दहावी 'झालेल्या' मुलांनी मंडळाची लेखी परीक्षा आयुष्यात पहिल्यांदा दिली ती बारावीला, २०२३ मध्ये. तो निकाल ९१.२५ टक्के लागला. त्याआधीच्या वर्षी तो ९४.२२ होता. तीन टक्क्यांच्या घसरणीचे खापर एकाच कारणावर फोडता येणार नाही; पण पर्यवेक्षण केलेल्या शिक्षकांना विचारा, उत्तरे ठाऊक असूनही वेळ पुरला नाही म्हणून कोरी राहिलेली पाने त्यांना आठवतील.

आता प्रश्न असा की, त्या जुळवून घेण्यातून आपण काय राखले? माझ्या मते, नको ते राखले. टिकला तो व्हॉट्सॲपचा गट. पूर्वी वहीत लिहून दिला जाणारा गृहपाठ आता रात्री नऊला गटावर येतो आणि तो पाहण्यासाठी नववीतल्या मुलाला मोबाईल द्यावाच लागतो. 'अभ्यासासाठी' म्हणून दिलेला हा मोबाईल परत घेणे किती घरांना जमले, हे वाचकांनी आपापल्या घरात पाहावे. शिक्षकाच्या वाट्याला आल्या त्या माहिती भरण्याच्या दुव्यांच्या रांगा आणि प्रत्येक उपक्रमाची छायाचित्रे तातडीने 'वर' पाठविण्याचा तगादा. आणि ज्यासाठी तो रात्री जागला, ते छोटे पाठ? शाळा भरल्या आणि ते विस्मरणात गेले. ज्या मुलाला कारखान्याच्या हंगामात आईबापांबरोबर उसाच्या फडावर जावे लागते, ज्या मुलीची शाळा आजारपणात महिनाभर बुडते, त्यांना आजही त्यांची गरज आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड आणि 'दीक्षा' आहेच. ते चांगलेही आहे. पण मुलाला आपल्याच बाईंचा आवाज हवा असतो, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

शाळांच्या संचालक मंडळांनी आणि शिक्षक-पालक सभांनी दोन कामे मनावर घ्यावीत. गृहपाठ पुन्हा वहीत आणावा. गट फक्त सूचनांपुरता, सायंकाळी सातपर्यंत. आणि शाळेतील शिक्षकांनी तयार केलेले पाठ गोळा करून, धडावार लावून, शाळेच्या संगणकावर व वस्तीतील अभ्यासिकेत ठेवावेत. यासाठी अनुदान लागत नाही. एखादा जाणता माजी विद्यार्थी आणि चार रविवार पुरतील. मात्र ते लवकर करावे. यातील अनेक पाठ शिक्षकांच्या जुन्या मोबाईलमध्ये पडून आहेत. त्यांतील अनेक जण निवृत्त होत आहेत, आणि जागा भरली की नव्या छायाचित्रांसाठी जुने पुसले जाते.