सत्कार झाला, आता सोबत करा



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून गुणवंतांचे सत्कार होतात. विहारात वंदना होते, वही-पेन दिले जाते, भाषणे होतात, फोटो निघतात. हे झालेच पाहिजे. परंतु सहा महिन्यांनी तीच मुले कुठे असतात, याची चौकशी आपण करतो का? कोणी अकरावी अर्धवट सोडून दुकानात कामाला लागलेला असतो. कोणाचा प्रवेश एका दाखल्यावाचून अडलेला असतो. एखाद्या हुशार मुलीच्या घरी तर पाहुणे येऊ लागलेले असतात!

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हाही मुंबईत असाच एक सत्कार झाला होता. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. पण गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. पुढे कॉलेजचा खर्च सुभेदार रामजींना झेपेना, तेव्हा गुरुजींनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ मध्ये बाबासाहेब बी.ए. झाले आणि १९१३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. रामजी बाबांचे कष्ट आणि बाबासाहेबांची जिद्द तर होतीच. पण नेमक्या वेळी दार ठोठावणारा एक माणूसही पाठीशी होता.

असा माणूस आज आपल्या वस्तीतल्या मुलांना आहे का?

काही जण म्हणतात, "आम्ही फार शिकलेलो नाही, आम्ही काय सांगणार?" आम्हाला वाटते, त्यासाठी पदवी लागत नाही. ज्याला बँकेचा, तहसीलचा, कॉलेजच्या खिडकीचा अनुभव आहे, त्याने तो द्यावा. कॉलेजात जाणाऱ्या ताईने आठवीतल्या दोन मुलींना सुट्टीच्या दिवशी आपले कॉलेज, तिथले वाचनालय दाखवावे. जे डोळ्यांनी पाहिले, त्याचीच स्वप्ने पडतात.

कागदपत्रांचे काम तर आजच हाती घ्या. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते ऐनवेळी मिळत नाही. अकरावीतच अर्ज करावा. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आपले धर्मांतर १९५६ चे. म्हणून आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावचा जुना उतारा ट्रंकेत असेल तर जपून ठेवा. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या; त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो.

पैशाचीही वाट आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून मिळते. तिचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो आणि बँक खाते आधारशी जोडलेले लागते. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवण्यासाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. पात्रतेच्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या. हे पैसे कधी उशिरा येतात, हेही खरे. त्या मधल्या महिन्यांत पास आणि पुस्तकांपुरता आधार विहाराच्या वर्गणीतून देता येणार नाही का?

आता आई-वडिलांशी थोडे बोलू. "शिकून तरी कुठे नोकऱ्या आहेत?" हा तुमचा प्रश्न खोटा नाही. पदवी घेतलेली मुलेही रिकामी बसलेली तुम्ही पाहता. पण ठेकेदाराकडे सतराव्या वर्षी लागलेला मुलगा चाळीसाव्या वर्षीही त्याच्याच हाताखाली राहण्याची भीती मोठी आहे. शिकलेल्याला निदान दोन-चार दारे ठोठावता येतात. मुलाचा ओढा हातकामाकडे असेल, तर आयटीआय, डिप्लोमालाही खुशाल घाला. मात्र ती निवड असावी, नाइलाज नसावा. आणि मुलीला विचारल्याशिवाय तिच्या लग्नाची बोलणी करू नका. सावित्रीमाई १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या, त्या आपल्या लेकींची शाळा दहावीला थांबावी म्हणून नव्हे.

म्हणून आमची प्रत्येक विहाराला विनंती आहे. एक वही करा. आठवी ते बारावीच्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव त्यात लिहा. प्रत्येक नावापुढे वस्तीतल्या एका मोठ्या माणसाचे नाव लिहा. त्याने महिन्यातून एकदा त्या घरी जावे, चहा घ्यावा, अभ्यास, फी, दाखले, मुलाचे मन, सगळे विचारावे. पौर्णिमेला ती वही सर्वांसमोर उघडा. ज्या नावापुढे 'शाळा सुटली' असे लिहावे लागेल, त्या घरी त्याच संध्याकाळी चार जण जा.

पुढच्या वर्षी सत्कार कराल, तेव्हा यंदाच्या सत्कारातली किती मुले बारावीच्या वर्गात आहेत, तेही व्यासपीठावरून सांगा.

जयभीम!